घंटा न वाजवणारे गृहस्थ



गेल्या वर्षी दोन महिने इंग्लंडमध्ये मुलीकडे राहण्याचा योग आला. तिच्या शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ एकटेच राहत. सकाळी बागेतील झाडांना पाणी घालताना कुंपणापाशी आमच्या गप्पा होत. आठव्या वर्षी ते वसतिगृहाच्या शाळेत दाखल झाले होते आणि त्या शाळेच्या गमती सांगताना त्यांना विलक्षण उत्साह येई. गोठलेल्या पाण्याने तोंड धुणे, अंधारात उशांची मारामारी, पहाटेची थंडगार अंघोळ, बेचव लापशी हे सारे ते हसत हसत सांगत आणि आम्हीही हसत ऐकत असू.

माझ्या मुक्कामातच ते घरात पडले, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया झाली. त्यांची कन्या दुसऱ्या गावाहून रोज येत असे. एके दिवशी मी तिच्याबरोबर रुग्णालयात गेलो. गृहस्थ ताठ बसलेले, पांघरूण चारी कोपरे जुळवून घातलेले, ताट पूर्ण रिकामे. ‘उत्तम व्यवस्था आहे, काही त्रास नाही,’ एवढेच ते म्हणाले. परिचारिकांच्या दृष्टीने ते आदर्श रुग्ण होते. त्याच रात्री लघवीसाठी एकट्याने उठण्याच्या प्रयत्नात ते पलंगाच्या कडेवरून घसरले. सुदैवाने दुखापत झाली नाही. परिचारिकेला बोलावण्याचे बटण त्यांच्या उशाशीच होते. ते त्यांनी चार दिवसांत एकदाही दाबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कन्या रागावली. ते काही काळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की रात्री मेट्रनला उठवणारा मुलगा सकाळी साऱ्या शयनगृहाच्या चेष्टेचा विषय होत असे. हे वाक्य कन्येने पूर्वी कधी ऐकले नव्हते. उशांच्या मारामारीची गोष्ट मात्र तिने शेकडो वेळा ऐकली होती.

या प्रसंगाचा अर्थ कळण्यासाठी त्या शाळांची थोडी माहिती हवी. इंग्लंडमध्ये ज्यांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात त्या शाळा नावाप्रमाणे सार्वजनिक नसून खासगी व खर्चिक आहेत. विंचेस्टरची स्थापना १३८२ मधली, ईटनची १४४० मधली. तेराव्या वर्षी तेथे जाण्यापूर्वीची तयारी म्हणून सात-आठ वर्षांची मुले दुसऱ्या लहान निवासी शाळेत धाडली जात. नाव घातलेली ट्रंक, खाऊची कुलूपबंद लाकडी पेटी, ओळीने मांडलेल्या खाटा, प्रत्येक कामासाठी घंटा, पहिल्या नावाऐवजी आडनावाने हाक आणि रविवारी घरी पत्र, असा तो क्रम असे. बऱ्याच शाळांत धाकट्या मुलांनी थोरल्यांची कामे करावीत अशी प्रथा होती. तिला ‘फॅगिंग’ म्हणत. छड्या मारण्यास सरकारी शाळांत १९८७ मध्ये बंदी आली. इंग्लंडमधील सर्व खासगी शाळांत ती येण्यास १९९९ उजाडावे लागले. म्हणजे आज साठी ओलांडलेल्या तेथील माजी विद्यार्थ्यांचे बालपण छडीच्या काळातलेच.

आमचे शेजारी शाळेत गेले तेव्हा युद्ध संपून तीन वर्षे झाली होती, तरी साखरेचे शिधावाटप चालूच होते. ते १९५३ पर्यंत चालले. आईने वाचवलेल्या साखरेचा केक त्यांच्या खाऊच्या पेटीत होता. तो त्यांनी इतका जपला की त्याला बुरशी आली. ही गोष्टही ते विनोद म्हणूनच सांगत.

रोआल्ड डाल या सुप्रसिद्ध लेखकाच्या ‘बॉय’ या १९८४ च्या पुस्तकात अशा आठवणी विपुल आहेत. तो नवव्या वर्षी निवासी शाळेत गेला. घर समुद्राच्या खाडीपलीकडे होते, म्हणून रात्री त्या दिशेला तोंड करूनच तो झोपे. घरची ओढ असह्य झाली तेव्हा त्याने अपेंडिक्स सुजल्याचे सोंग केले आणि त्याला घरी पाठवण्यात आले. घरच्या डॉक्टरांनी पोट दाबताच ते सोंग ओळखले, पण त्याला चार शब्द समजावून सांगितले आणि पोटाच्या विकाराचे कारण पुढे करून आणखी काही दिवस घरी राहू दिले. आम्हा सामान्य डॉक्टरांनी ध्यानात ठेवावा असा हा प्रसंग. दुखणे खोटे होते, वेदना खरी होती. पुढे थोरल्या शाळेत वरिष्ठांसाठी कडाक्याच्या थंडीत शौचकूपाचे आसन बसून ऊबदार करून ठेवण्याचे कामही त्याच्या वाट्याला आले. त्याने आईला लिहिलेली सहाशेहून अधिक पत्रे तिने जपून ठेवली होती. शाळेतील पत्रे मुख्याध्यापकांच्या नजरेखाली लिहावी लागत, त्यामुळे त्यांत दुःखाला जागा नसे. आमच्या शेजाऱ्यांचे ‘काही त्रास नाही’ हे वाक्य मला त्या रविवारच्या पत्रांसारखे वाटले.

जॉर्ज ऑर्वेल हाही आठव्या वर्षी अशाच शाळेत गेला. तेथे तो अंथरूण ओले करू लागला आणि त्याबद्दल त्याला छड्या मिळाल्या, असे त्याने लिहिले आहे. तो लेख त्याच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये अमेरिकेत छापला गेला. घर सुटलेल्या मुलाचे अंथरूण ओले होणे हे मनावरील ताणाचे लक्षण असू शकते. तेथे तो अपराध ठरला. मात्र त्याच शाळेतील इतर काही विद्यार्थ्यांनी तिच्याविषयी प्रेमाने व आदराने लिहिले. दोघांपैकी एक खोटा असे मानण्याचे कारण नाही. या शाळांनी अनेकांना जन्माचे मित्र, वाचनाची गोडी आणि स्वतःचे काम स्वतः करण्याची सवय दिली, हेही खरे आहे.

जवाहरलाल नेहरू १९०५ मध्ये हॅरो येथे दाखल झाले, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. शाळा सोडताना डोळ्यांत पाणी आल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पण ते दुःख कितपत आपले आणि कितपत शाळेच्या परंपरेला अपेक्षित म्हणून वाटलेले, असा प्रश्नही त्यांनी स्वतःला विचारला आहे. काय आठवावे आणि ते कोणत्या सुरात सांगावे, हेसुद्धा माणूस लहानपणी शिकतो.

जॉय शाव्हेरियन या ब्रिटिश मनोचिकित्सक बाईंनी अशा प्रौढांच्या तक्रारींना ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ असे नाव दिले; त्यावरील त्यांचे पुस्तक २०१५ चे. हे अधिकृत रोगनिदान नव्हे. लहानपणीच घरापासून तुटलेले मूल रडणे थांबवते, मदत मागणे थांबवते आणि पुढे आपल्या माणसांजवळही मन उघडे करत नाही, असे त्या वर्णनाचे सार आहे. उतारवयात अशा व्यक्तीला रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात राहावे लागले, तर पुन्हा ओळीने खाटा, ठरलेल्या वेळी जेवण आणि परक्यांची देखरेख समोर येते. आठव्या वर्षी अंगवळणी पडलेले मौन तेथे परत येऊ शकते, आणि वैद्यकीय दृष्ट्या ते धोक्याचे असते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना लपवणारा रुग्ण चालणे टाळतो. न हालल्याने छातीत कफ साचतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव वाढतो, पाठीवर जखमा होतात.

तेव्हा अशा ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांना काही सूचना.

‘त्रास आहे का?’ असे विचारू नये. उत्तर ‘नाही’ असेच येणार. ‘रात्री किती वेळा उठलात? काल किती पावले चाललात? शून्य ते दहामध्ये वेदना किती?’ असे मोजून उत्तर देता येईल ते विचारावे. मदत मागण्याची वेळच त्यांच्यावर आणू नये. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत कन्येने परिचारिकांशी बोलून रात्री दहा, दोन आणि पाच वाजता कोणीतरी आपणहून येईल असे ठरवून घेतले. निरोप घेताना ‘येईन लवकर’ असे मोघम न सांगता ‘उद्या चार वाजता येईन’ असे सांगावे आणि ती वेळ कटाक्षाने पाळावी. घरचे पांघरूण व एखादे छायाचित्र जवळ ठेवावे.

नेहमीची गमतीची गोष्ट सुरू झाली की ‘हे ऐकले आहे’ म्हणून तोडू नये. ‘तेव्हा आपण किती वर्षांचे होता?’ एवढाच प्रश्न पुरे होतो. उत्तर आले तर ऐकावे, न आले तर खणत बसू नये. ‘तुमचे आईवडील निष्ठुर होते’ असा निवाडा देऊ नये आणि ‘त्यामुळेच तर तुम्ही घडलात’ असे सांत्वनही करू नये. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्येच दाखवून दिले की उतारवयात मागे वळून आयुष्य तपासणे ही स्वाभाविक प्रक्रिया आहे. तिला निव्वळ म्हातारचळ समजू नये.

एक इशारा मात्र आवर्जून देतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा तापात एखादे ज्येष्ठ अचानक ‘मी शाळेत आहे, घंटा झाली’ असे बोलू लागले, तर ते स्मृतिरंजन समजू नये. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, लघवी तुंबणे किंवा औषधाचा परिणाम यांमुळे असा संभ्रम होतो; डॉक्टरांना त्वरित कळवावे. तसेच भयस्वप्ने, सततची निराशा, जेवण टाकणे अशा गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर सल्ला घ्यावा. जगणे नकोसे झाल्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये.

आपली मुले वा भाच्या परदेशात असे काम करीत असतील तर त्यांना हे जरूर वाचून दाखवावे. आणि शिक्षणासाठी लहानपणीच नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहिलेले कोणी आपल्या घरात असतील, तर त्यांनाही एकदा वय विचारून पाहावे.

मी परतण्यापूर्वी शेजारी काठी घेऊन घरी आले होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी पुन्हा केकची गोष्ट काढली. या वेळी कन्या हसली नाही. ‘तुम्ही तो खाल्ला का नाही?’ असे तिने विचारले. ‘तो संपला असता तर घरचे काहीच उरले नसते,’ ते म्हणाले. मग तिने चहाबरोबर केकचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि तो संपेपर्यंत ती त्यांच्याजवळ बसून राहिली.