डॅशबोर्डवरचा वाटाड्या

व्यापारी माणूस दुकानासाठी साधा वजनकाटा घेतानाही चार ठिकाणी चौकशी करतो, पक्की पावती घेतो आणि मगच पैसे मोजतो. तोच माणूस मोटारीच्या डॅशबोर्डवर बसवायचा पडदा किंवा गाण्याचा संच मात्र दहा मिनिटांत पसंत करून मोकळा होतो. दुकानातील काचेमागे जो सर्वांत मोठा आणि झगमगीत दिसेल, तोच उत्तम असे धरले जाते. वस्तू तशी किरकोळ वाटते. परंतु ज्या जागी ती बसते, त्या जागी चालकाची नजर आणि मागे बसलेल्या घरच्यांचा जीव एकाच वेळी गुंतलेला असतो.

सांगलीतील हळदीच्या एका अडत्यांच्या घरी हा विषय निघाला, तो एका रात्रीच्या प्रसंगामुळे. ऊसतोडणीचा हंगाम सुरू होता. वाशीच्या मसाला बाजारातील काम उरकून अण्णा, त्यांच्या पत्नी आणि धाकटा मुलगा घरी परतत होते. महामार्ग सोडून पेठ नाक्याकडून सांगलीकडे वळल्यावर पुढे काम चालू असल्याने रस्ता दुभंगलेला दिसला. मुलगा शेजारी झोपला होता. अण्णांनी मांडीवरच्या मोबाइलमधील नकाशा पाहण्यासाठी क्षणभर मान खाली घातली. मान वर केली तेव्हा समोर उसाने भरलेली ट्रॉली होती. मागे लाल दिवा नव्हता, परावर्तक पट्टीही नव्हती. ब्रेक वेळेवर लागला आणि मोटार ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. मोबाइल मात्र मांडीवरून घसरून पायांशी, ब्रेकच्या पेडलजवळ जाऊन पडला. अजून क्षणभर आधी तो पेडलखाली सरकला असता, तर काय झाले असते, हे घरी पोहोचेपर्यंत कोणी बोलून दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना धाकट्याने विषय काढला. “अण्णा, आता मोठा पडदा बसवूनच घेऊ. दहा इंची मिळतो. नकाशा, गाणी, चित्रपट, सगळे त्यावर चालते.”

“नऊ वर्षांची गाडी आहे,” अण्णा म्हणाले. “दोन-तीन वर्षांत विकायची. विकताना त्या पडद्याचा एक रुपया तरी कोणी वेगळा देईल का?”

तोवर गप्प असलेल्या आई म्हणाल्या, “रुपयाचे नंतर बघा. काल मान खाली गेली होती, ती पुन्हा जाणार नाही असे काय करता येईल, ते आधी सांगा.”

प्रश्न नेमका होता. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 22 मीटर अंतर कापते. दोन सेकंद नजर रस्त्यावरून हटली, तर 44 मीटरचा प्रवास डोळे मिटून केल्यासारखा होतो. म्हणून डॅशबोर्डवरील कोणत्याही उपकरणाची पहिली कसोटी त्याचा आकार किंवा आवाज ही नसून, ते चालकाची नजर किती कमी वेळ मागते, ही आहे. या कसोटीवर दहा इंची पडद्यावरचा चित्रपट पहिल्याच फेरीत बाद ठरतो.

अण्णांनी मग पेढीवरची सवय घरी वापरली. गेल्या सहा महिन्यांतील प्रवासांची यादी केली आणि प्रत्येक प्रवासात कशाची गरज पडली, ते समोर लिहिले. नव्वद टक्के प्रवास ओळखीच्या रस्त्यांवरचे निघाले. वाट विचारण्याची वेळ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आणि रात्रीच्या वळणमार्गांवर आली होती. व्यापाराचे दूरध्वनी मात्र जवळजवळ प्रत्येक प्रवासात आले होते. गाणी लांबच्या प्रवासात हवी होती. म्हणजे कामे तीन: वाट, दूरध्वनी आणि गाणे. खरेदी या तीन कामांची करायची होती, पडद्याच्या इंचांची नव्हे.

वाटेच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. इंटरनेट नसेल तर मोटारीचे स्थान कळत नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुतः स्थान ओळखण्याचे काम उपग्रह करतात. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात. चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ग्राहकयंत्र आपले स्थान काढते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि तेव्हापासून ही सेवा सामान्य वाहनचालकाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली. इस्रोच्या भारतीय व्यवस्थेला 2016 मध्ये ‘नाविक’ हे नाव मिळाले. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र उतरवण्यासाठी आणि पुढची वाहतूककोंडी कळण्यासाठी. ताम्हिणीसारख्या घाटात मोबाइलचे जाळे गेले की पडदा कोरा होतो, याचे कारण हेच. निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवला, तर जाळे नसतानाही वाट दिसत राहते. असे नकाशे अधूनमधून नव्याने उतरवावे लागतात, एवढे लक्षात ठेवावे. बोगद्यात मात्र उपग्रहाचे संकेतच पोहोचत नाहीत. खंबाटकीच्या बोगद्यात नकाशावरचा बाण क्षणभर गोंधळला, तर चालकाने गोंधळू नये.

बाजारात त्यांच्यासमोर चार पर्याय आले. पहिला सर्वांत स्वस्त: मोबाइल ठेवण्याचा पक्का धारक आणि असलेल्या रेडिओला जोडणारी तार. दुसरा पर्याय अँड्रॉइड ऑटो किंवा अ‍ॅपल कारप्ले चालणाऱ्या संचाचा. यात मोबाइलमधील नकाशा, दूरध्वनी आणि गाणी मोटारीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत आणि मोजक्या बटणांत येतात, आणि चालत्या गाडीत चित्रपट दिसत नाही. तिसरा, स्वतःचीच संगणकप्रणाली असलेला तथाकथित अँड्रॉइड संच. चौथा, कंपनीकडूनच नकाशासह बसून येणारा संच, जो नवी मोटार घेतानाच विचारात घेण्याजोगा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांच्या नावांत पुष्कळ ग्राहक फसतात. ‘अँड्रॉइड संच’ आणि ‘अँड्रॉइड ऑटो चालणारा संच’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्याला इंटरनेटसाठी वेगळे सिमकार्ड किंवा मोबाइलचे हॉटस्पॉट द्यावे लागते. स्वस्त संचात स्मृती कमी असेल, तर वर्षभरात तो रेंगाळू लागतो आणि वळण मागे पडल्यावर वळायला सांगतो. म्हणून दुकानातच आपला मोबाइल जोडून, एक पत्ता शोधून आणि मध्येच एक दूरध्वनी घेऊन पाहावे. संच भर उन्हात दिसतो का, हेही दुकानाबाहेर उभे राहूनच कळते.

धाकट्याला अकरा हजारांत नऊ इंची अँड्रॉइड संच मिळत होता. अण्णांनी ठरवले, आधी महिनाभर धारकावर काढायचा. सातशे रुपयांचा धारक आला. तो काचेच्या मध्यभागी नजर अडवणार नाही, आणि एअरबॅग उघडण्याच्या जागेवरही येणार नाही, अशा बेताने बसवला. महिन्याअखेर उणिवा वहीत उतरल्या. एकसष्टाव्या वर्षी मोबाइलवरची अक्षरे वाचता येत नव्हती. दुपारी काचेतून येणाऱ्या उन्हात मोबाइल तापून मंद होत होता. आणि दूरध्वनी आला की तो घेण्यासाठी हात पुढे जातच होता. उणिवा वापरातून सिद्ध झाल्यावर खर्चाला आधार मिळाला.

शेवटी निवड झाली ती सात इंची, अँड्रॉइड ऑटो चालणाऱ्या आणि आवाजासाठी फिरवायचे खरे बटण असणाऱ्या संचाची. हे बटण किरकोळ वाटते. पण हाताला सापडणारे बटण न पाहता फिरवता येते, पडद्यावर रंगवलेले बटण पाहिल्याशिवाय दाबता येत नाही. मोटारीतील जागा मोजून घेतली. एकेरी संचाची जागा साधारण 180 गुणिले 50 मिलिमीटर आणि दुहेरीची 180 गुणिले 100 मिलिमीटर असते. जुन्या रेडिओखालचा चिल्लर ठेवायचा कप्पा काढताच दुहेरी जागा मोकळी झाली. संच 19,000 रुपये, चौकट आणि जोडणीचा कपलर 2,200, मागचा कॅमेरा 1,800, असे एकूण 23,000 रुपये झाले.

कपलरचे 2,200 वाचवा, तारा कापून थेट जोडून देतो, असे बसवणारा कारागीर म्हणाला. अण्णांनी ते नाकारले. कपलर म्हणजे मोटारीच्या मूळ जोडणीत घट्ट बसणारा दुवा. त्यामुळे एकही तार कापावी लागत नाही आणि पुढे संच काढून मूळ रेडिओ परत बसवता येतो. उघड्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळली, तर उन्हाने ती सुटते आणि तारांची ठिणगी डॅशबोर्डच्या आत पडते. फ्यूजशिवाय बॅटरीची तार जोडू देऊ नये, हा नियम मोटारीलाही दुकानाइतकाच लागू आहे. संचाची पिवळी तार कायम विजेची आणि लाल तार किल्लीबरोबर चालू-बंद होणारी असते. दोन्ही कायम विजेवर जोडल्या, तर किल्ली काढल्यावरही संच वीज खात राहतो आणि बॅटरी उतरते. नवी गाडी असेल, तर तार कापल्याने विद्युतभागाची हमी धोक्यात येऊ शकते, म्हणून विक्रेत्याला आधी विचारावे.

बसवणे संपले की काम संपत नाही. बाहेरून बसवलेला संच मोटारीच्या मूळ किमतीत धरलेला नसतो. विमा कंपनीला कळवून पॉलिसीत त्याची नोंद केली नाही, तर चोरी किंवा अपघातानंतर त्याची भरपाई मागता येत नाही. त्यासाठीचा जादा हप्ता सामान्यतः मूल्याच्या 4 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे 23,000 रुपयांवर सुमारे 920 रुपये. पक्के बिल याच वेळी उपयोगी पडते. बिलाविना मिळालेली सवलत ही बहुधा हमी आणि भरपाई या दोन्हींची किंमत असते.

गाण्याच्या बाबतीत आकड्यांना भुलू नये. खोक्यावर छापलेले 50 वॉट हे क्षणिक शिखर असते. सतत मिळणारी शक्ती त्याहून बरीच कमी असते आणि तो आकडा बारीक अक्षरांत असतो. नवा संच घेऊनही आवाज फाटत असेल, तर दोष बहुधा जुन्या स्पीकरचा. पुढचे दोन चांगले स्पीकर बदलले, तर चार स्वस्त स्पीकरपेक्षा अधिक लाभ होतो. आणि आवाज कितीही सुरेल असला, तरी मागच्या वाहनाचा भोंगा ऐकू यायलाच हवा.

कायद्याचीही येथे सरळ भूमिका आहे. चालवताना हातात मोबाइल घेणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार धोकादायक वाहनचालनात मोडते. पहिल्या अपराधाला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमांनी वाट पाहण्यापुरती मुभा दिली आहे, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही, या अटीवर.

मात्र नकाशा हा वाटाड्या आहे, मालक नव्हे. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशावर विसंबून निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाचा जीव गेला. रस्ता नकाशावर होता, प्रत्यक्षात पाणी होते. अंधारात अनोळखी अरुंद वाट दिसली की मोटार थांबवून गावातल्या माणसाला विचारावे. त्यात दोन मिनिटे जातात आणि कमीपणा काहीच नाही.

संच बसल्यावर घरात काही नियम ठरले. मुक्कामाचा पत्ता इंजिन सुरू होण्याआधी भरायचा. संदेशांच्या सूचना प्रवासात बंद ठेवायच्या. शेजारी बसणाऱ्याने झोपायचे नाही, वाट त्यानेच पाहायची. आणखी एक नियम अनुभवातून आला. एकदा शेजारी दलाल बसलेले असताना पेढीवरचा दूरध्वनी स्पीकरवर आला आणि हळदीचा खरेदीचा भाव सगळ्या गाडीने ऐकला. तेव्हापासून कोणी बरोबर असले की अण्णा एवढेच म्हणतात, “पोहोचल्यावर बोलतो.” गाडी विकण्याच्या दिवशी संचात साठलेली नावे, क्रमांक आणि पत्ते पुसायचे, हेही वहीत लिहून ठेवले आहे. ग्राहकांची यादी पडद्याबरोबर विकली जाता कामा नये.

पुढच्या महिन्यात पुन्हा वाशीहून परतताना पेठ नाक्याजवळ रात्र झाली. रस्ता तसाच दुभंगलेला होता. संचाने डावीकडे वळायला सांगितले, धाकट्याने पडद्याकडे पाहून तेच सांगितले. अण्णांनी वेग कमी केला, समोरची ट्रॉली दुरूनच पाहिली आणि तिला जाऊ दिले. मागच्या आसनावर आईंची जपमाळ चालू होती. या वेळी ती मध्येच थांबली नाही.