संग्रहालय पाहून आलो, आता आपल्या पाड्यात काय?



गेल्या महिन्यात आम्ही तीन पाड्यांची वीस-बावीस माणसं शेजारच्या गावचं संग्रहालय पाहायला गेलो. संग्रहालय म्हणजे एकच खोली. गावातल्या पोरापोरींनी सारवून घेतलीय. आळीपाळीनं तीच उघडतात, झाडतात. पगार कुणाला नाही, तिकीट नाही.

आत जातं, कणगी, तारपा, इरलं. भिंतीवर १९४५ च्या वारली उठावाची माहिती: वेठ, लग्नगडी, तलवाड्याचा गोळीबार. दारावर पाटी 'आदिवासींचे जुने जीवन'. आमच्यातल्या एका आजीनं इरल्यावरून हात फिरवला न म्हणाली, "हे तर मी आजही डोक्यावर घेते. जुनं कसं झालं?" पोरं हसली. पण आजीचं म्हणणं आम्हाला पटलं. आपण जुने झालो नाही. आपण त्याच जमिनीवर आहोत, न तिच्यासाठीच भांडतोय.

कोपऱ्यात काचेखाली जंगल खात्याच्या दंडाच्या पावत्या होत्या. 'अतिक्रमण' म्हणून आपल्या बापजाद्यांनी भरलेला दंड. आपल्यातल्या किती जणांनी लाजेनं त्या फेकल्या, कितीकांच्या कुडात खोचलेल्या वाळवीनं खाल्ल्या! आज तीच पावती सांगते की या सालात हा माणूस ही जमीन कसत होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो, न पुरावा एकाहून जास्त लागतो. पावती चालते, रेशनकार्ड चालतं. जुनी विहीर, बांध, मसणवट, देवाची जागा चालते. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो.

काही साथी म्हणाले, "संग्रहालय हे शहरवाल्यांचं काम, आधी जमीन." आमचं मत वेगळं आहे. वेठीची पावती कुणी देत नव्हतं. ती गोष्ट म्हाताऱ्यांच्या तोंडातच आहे. ते गेले की पुरावाही गेला.

त्या पोरांचं काम मोठं आहे, म्हणूनच दोन गोष्टी त्यांना सांगून आलो. एक, नुसतं 'नांगर' लिहू नका. कुणाचा, कोणत्या पाड्याचा, कोणत्या शेतात चालला, ते लिहा. बाईची वस्तू असेल तर बाईचं नाव लिहा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो, मग चिठ्ठीवर एकट्या नवऱ्याचं नाव कशाला? दोन, अस्सल पावती मालकाच्या घरी राहू द्या, काचेखाली झेरॉक्स ठेवा. उद्या दाव्याला अस्सलच दाखवावी लागेल.

आपल्याकडे खोली नसेल, वही तर आहे. पुढच्या बैठकीच्या आत प्रत्येक पाड्यानं निदान दोन म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून काढावं: जमीन कुणी फोडली, विहीर कुणी खणली, दंड कुणी भरला. लिहिता येणाऱ्या पोरींनी पुढं यावं. वही वनहक्क समितीपुढं ठेवू.

लढेंगे, जीतेंगे!