कर्ज फेडल्याने जुगार सुटत नाही

"डॉक्टरसाहेब, ह्यास्नी रातच्याला झोप लागंना. एखादी गोळी द्या." अशी तक्रार घेऊन एक माउली दवाखान्यात येते. सोबत नवरा असतो. चाळिशीचा, पैंजणाचा चांगला कारागीर. रक्तदाब वाढलेला, पोटात जळजळ, वजन उतरलेले. तपासण्यांत काही सापडत नाही. नवरा बाहेर गेला की माउली डोळ्यांना पदर लावते. गळ्यातले गेले, सोसायटीचे कर्ज थकले, आणि आता कारखानदाराने घडवायला दिलेली चांदीही वजनात भरत नाही. हुपरीत ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. इथे चांदी दुसऱ्याची असते, विश्वास आपला असतो. तो एकदा गेला की पुन्हा कोणी काम देत नाही.

ही एकाच घराची हकीकत नव्हे. असे रुग्ण मी अनेक वर्षे पाहतो आहे. पूर्वी मटका होता, तीन पानी होती. आता मोबाईल आहे. अशा वेळी घरात बैठक बसते, मामा-काका जमतात आणि ठरते, "एकदाचे सगळे देणे फेडून टाकू, म्हणजे हा सुधारेल." आजचा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे.

१९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' लागले की गल्ल्या ओस पडत. द्यूताचा प्रसंग पाहताना आपण सर्वांनी शकुनीला शिव्या घातल्या. पण डॉक्टर म्हणून मला त्यापुढची हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. महाभारतात द्रौपदीला वर मिळतात, पांडव दास्यातून सुटतात आणि धृतराष्ट्र हरलेले सारे राज्य परत देतो. आजच्या भाषेत, घरच्या वडीलधाऱ्याने सगळे कर्ज माफ केले. पुढे काय झाले? पांडव वाटेवर असतानाच पुन्हा बोलावणे आले आणि धर्मराज परत फिरून पटावर बसला. या वेळी बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पदरी आला. थोरल्यांची आज्ञा मोडता येत नाही, हे कारण त्याच्याजवळ होते. कारण प्रत्येकाजवळ असते. धर्मराजासारखा विचारी पुरुष जिथे परत फिरतो, तिथे आपल्या पोराच्या शपथेवर किती विसंबायचे?

नुकताच मी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील 'द ट्वायलाइट झोन' या जुन्या रहस्यमालिकेचा एक भाग पाहिला. तो २९ जानेवारी १९६० रोजी प्रथम दाखवला गेला होता. त्याचे नाव 'द फीव्हर', म्हणजे 'ताप'. जुगाराचा तिटकारा असलेला एक गृहस्थ बायकोबरोबर लास व्हेगासला येतो. एक दारुडा त्याच्या हातात नाणे कोंबून त्याला यंत्रापुढे उभा करतो. तो जिंकतो. रात्री त्याला खुळखुळत्या नाण्यांच्या आवाजात आपलेच नाव ऐकू येऊ लागते. हा पापाचा पैसा आहे, तो यंत्रालाच परत करून येतो, असे सांगून तो खाली जातो आणि रात्रभर खेळून सारे घालवतो. शेवटी त्या भासातच खिडकीतून पडून जिवाला मुकतो. यंत्र कोणाला हाक मारत नाही, हे खरे. पण "मोबाईल उशाशी असला की तो मला बोलावतो" असे सांगणारा रुग्ण माझ्यासमोर बसलेला आहे, म्हणून मला त्या गोष्टीचे हसू आले नाही.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने अनावर जुगाराची नोंद १९८० मध्ये आपल्या मनोविकारांच्या यादीत केली आणि २०१३ मध्ये त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवले. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो व्यसन म्हणूनच गणला जातो. आपल्या मेंदूत डोपामीन नावाचे रसायन असते. बक्षिसाची आशा लागली की त्याची उसळी येते. बक्षीस रोज मिळाले तर मन विटते. कधी मिळेल हे ठाऊक नसले की ओढ वाढते. एका घराने हुकलेला आकडा खरे तर पूर्ण हार असतो, पण जुगाऱ्याच्या मेंदूला तो जवळपास विजय वाटतो. कंपवाताच्या काही रुग्णांना प्रामिपेक्सोलसारखे डोपामीनचे काम करणारे औषध सुरू केल्यावर, पूर्वी कधी न खेळलेल्यांनाही जुगाराची ओढ लागल्याच्या नोंदी आहेत. (असे आढळल्यास औषध मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.) तेव्हा हा नुसता संस्कारांचा प्रश्न नाही.

कायद्याने जुगार थांबेल असेही काहींना वाटते. मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून होता. तरी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या-मिटत्या भावांवर पैजा लागल्या, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले, आणि १९६० नंतर तोच खेळ मडक्यातील चिठ्ठ्यांवर येऊन मटका झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण दुकान बंद झाल्याने आजार बरा होत नाही. रुग्ण दुसरे दुकान शोधतो.

एक चूक मीही केली आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचित घरात मीच मध्यस्थी केली. भावांनी शेत गहाण टाकून देणे फेडले, त्याने अंबाबाईसमोर शपथ घेतली. वर्षाच्या आत नवे कर्ज जुन्यापेक्षा मोठे झाले. त्याचा पश्चात्ताप खोटा नव्हता. पण डोक्यावरचा भार उतरताच त्याला वाटले, आता एकदाच खेळून भावांचे शेत सोडवू. गेलेले परत मिळवण्यासाठी खेळणे, हेच या आजाराचे मुख्य लक्षण आहे. ते त्या वेळी मी ओळखले नाही.

देणे बुडवा असे मी म्हणत नाही. क्रम बदला, एवढेच सांगतो. आधी उपचार, मग कर्ज. फेडायचे ते थोडे थोडे, आणि पैसे थेट घेणेकऱ्याच्या हातात. मजुरी काही काळ पत्नीच्या किंवा आईच्या हाती यावी. बँकेचे खाते, मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय, दागिने हे सारे घरच्यांच्या ताब्यात असावे. घडवायची चांदी कारखानदाराच्या नजरेखाली राहावी. यात रुग्णाचा अपमान नाही; पाय मोडलेल्याला आपण प्लास्टर घालतोच.

उपचार म्हणजे मुख्यतः मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाशी नेमाने, काही महिने बोलणे. सोबत दारू किंवा उदासीनता असेल तर तिच्यावर औषध. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. कर्जात बुडालेला माणूस एकाएकी गप्प झाला, निरवानिरवीचे बोलू लागला, तर "जीव द्यायचा विचार येतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते.

त्या माउलीला मी झोपेची गोळी दिली नाही. पुढच्या वेळी दोघांनी मिळून यायचे आणि येताना घराच्या हिशेबाची वही आणायची, असे सांगितले. ती दोघे आली. नवऱ्याने मान खाली घालून का होईना, देण्याचा खरा आकडा पहिल्यांदाच बायकोसमोर सांगितला. माझ्या मते त्याच्या उपचारांची सुरुवात त्या दिवशी झाली.