माप कोणाच्या हातात?

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत झरी लागते. गेल्या हिवाळ्यात तेथील टेनिस बॉलच्या स्पर्धेला मला पाहुणा म्हणून बोलावले होते. साठी उलटलेला, बँकेतून निवृत्त झालेला आणि चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस अशा ठिकाणी नारळ फोडण्यापुरताच असतो. पण तिसऱ्याच षटकात वाद पेटला आणि निवाडा माझ्यापुढे आला.

एका फलंदाजाची बॅट समोरून चारचौघींसारखी. पाठीमागून मात्र मधोमध पन्हळीसारखी कोरलेली. गोलंदाज म्हणाला, ‘ही लबाडी आहे.’ फलंदाज म्हणाला, ‘काका, दुकानात अशीच मिळते. पत्रकात कुठं मनाई आहे?’ मी पत्रक पाहिले. बक्षिसाची रक्कम ठळक अक्षरांत होती, प्रवेश फी होती, ‘पंचांचा निर्णय अंतिम’ हेही होते. बॅटीबद्दल मात्र एक ओळ नव्हती. नियमच नाही तर शिक्षा कशाची, असे म्हणून मी खेळ पुढे चालू करायला सांगितले. त्या षटकात गोलंदाजाने तीन षटकार खाल्ले आणि एकदा माझ्याकडे पाहिले. ती नजर अजून पाठ सोडत नाही.

पाठ कोरून साधते काय? मधले लाकूड गेले की बॅट हलकी होते, वेगाने फिरते. उरलेले वजन कडांकडे राहिल्याने चेंडू मधोमध लागला नाही तरी बॅट हातात कमी वळते. टेनिसचा चेंडू हलका. त्याला बॅटीच्या वजनापेक्षा वेग मानवतो. थोडक्यात, चुकलेल्या फटक्याचा दंड कमी होतो. आणि हिशेब कधी फुकट मिटत नाही, हे बँकेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. फलंदाजाला माफ झालेला दंड गोलंदाजाच्या खात्यावर पडतो.

आता बॅटीवर हात फिरवणे हेच पाप, असेही नाही. आमच्या लहानपणी गावचे सुतारकाका बाभळीच्या फळीची बॅट करून देत. ती पेलवेना म्हणून वाकसाने तिची पाठ तासून घेत असू आणि घरातले जवसाचे तेल चोळत असू. थोरामोठ्यांचेही तेच. सचिन तेंडुलकरने आपली आवडती बॅट सियालकोटहून तशीच दुसरी करून आणण्यासाठी वकार युनूसकडे दिली होती आणि त्याच बॅटीने आपण १९९६ साली नैरोबीत ३७ चेंडूंत शतक ठोकले, असे शाहिद आफ्रिदीने सांगितले आहे. चांगल्या अवजाराचा ध्यास हा कारागिरीचाच भाग आहे. प्रश्न थांबायचे कुठे एवढाच.

ती रेघ क्रिकेटमध्ये दरवेळी कोणीतरी पलीकडे गेल्यावरच ओढली गेली. १९७९ साली पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. त्यानंतर बॅटीचे पाते लाकडाचेच हवे, असे नियमात आले. रिकी पाँटिंगच्या बॅटीच्या पाठीवरची ग्रॅफाइटची पट्टी २००६ साली गेली. पुढे कमी दाबलेल्या, सुकवलेल्या विलोमुळे वजन न वाढवता बॅटी जाड होत गेल्या, तेव्हा २०१७ साली कडेला ४० आणि एकूण जाडीला ६७ मिलिमीटरची मर्यादा आली. २०२५ च्या आयपीएलमध्ये तर पंच भर मैदानात साच्यातून बॅट घालून पाहू लागले. कोट्यवधींच्या खेळात माप आले. झरीच्या मैदानावर ते कोण आणणार?

याचे उत्तर जुनेच आहे. १७७१ साली इंग्लंडात थॉमस व्हाइट नावाचा फलंदाज थेट यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उभा राहिला. समोरचा संघ हॅम्बल्डन या खेड्याचा. त्यांच्या गोलंदाजाने, थॉमस ब्रेटने, लेखी हरकत घेतली. तिच्यावर सही करणाऱ्यांत जॉन स्मॉल होता, आणि हा स्मॉल स्वतः फलंदाज होता, बॅटी बनवणाराही होता! रुंदी सव्वाचार इंच ठरली, ती आजतागायत तशीच आहे. माप तपासायला हॅम्बल्डनच्या मंडळींनी लोखंडी चौकट करून घेतली. म्हणजे पहिले माप गावाने ठरवले आणि ज्याचा फायदा बुडणार होता त्यानेही त्याखाली सही केली.

आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धांत बक्षिसे फुगली. ज्या संघामागे पैसेवाला उभा, त्याच्याकडे नवी कोरीव बॅट. बाकीच्यांनी चेंडू आणायला पळायचे. अशाने उद्या गोलंदाजी करायला पोरगा मिळणार नाही. कर्ज देण्याआधी अटी वाचून दाखवाव्यात, वसुलीच्या दिवशी नव्हे, हे नोकरीत शिकलो आणि मैदानावर नेमके विसरलो. आता आयोजकांना मी पत्र लिहिले आहे: कोरलेली बॅट चालवायची तर खुशाल चालवा, पण मग आयोजकांनीच दोन बॅटी आणाव्यात आणि दोन्ही संघांनी त्यांनीच खेळावे. नाहीतर ती कोणालाच नको. पत्रकात तेवढी एक ओळ छापा.

आणि त्या ओळीखाली पहिली सही एखाद्या फलंदाजाची घ्या, असेही लिहिले आहे.