आधी काय ठेवले?

ऑक्टोबरात दोन तारखा हातात हात घालून येतात. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील तलवाड्यात जमलेल्या वारली आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण धारातीर्थी पडले. त्याला २०२५ मध्ये ८० वर्षे झाली. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला. त्यालाही त्याच वर्षी ५० वर्षे झाली. डहाणू-तलासरीत हुतात्म्यांना अभिवादन होते, भाषणे होतात आणि त्यांच्या मागोमाग एक जुना वादही उठतो. वारल्यांना माणूस म्हणून उभे कोणी केले? लाल बावट्याचे कार्यकर्ते गोदाराणीचे, म्हणजे गोदावरी परुळेकरांचे नाव घेतात. दुसरी बाजू आदिवासी सेवा मंडळाची आणि मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान बाळासाहेब खेर यांची आठवण करून देते.

असाच वाद अमेरिकेत दीडशे वर्षे चालू आहे. लिंकन गुलामगिरीविरुद्ध लढले की केवळ संघराज्य टिकवायला? ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांनी संपादक होरेस ग्रीली यांना लिहिले, की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर आपण तसे करू. त्या वेळी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचून महिना झाला होता. १ जानेवारी १८६३ चा तो जाहीरनामाही बंडखोर राज्यांपुरताच होता. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या राज्यांतले गुलाम त्यातून वगळले गेले. दक्षिणेच्या बाजूला असा आडपडदा नव्हता. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्येच काळ्यांची गुलामी हीच आपल्या नव्या राज्याची कोनशिला असल्याचे सांगून टाकले होते.

म्हणून 'अमुक नेता गुलामीच्या विरोधात होता का?' हा प्रश्न अपुरा आहे. मनातून विरोध असणारे पुष्कळ असतात. त्या विरोधाच्या आधी त्यांनी काय ठेवले, ही खरी कसोटी. लिंकननी संघराज्य आधी ठेवले. युद्धाने त्यांना मुक्ती पुढे आणायला लावली. पण त्याआधी, १८६१ पासूनच, गुलाम स्वतः मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत दाखल होऊ लागले होते. पुढे सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांच्या त्यागामागे हा रेटाही होता.

ही कसोटी आपल्या मातीत लावून पाहू. पहिल्या पावसात वारल्याने आधी जमीनदाराचे शेत नांगरायचे, मग वाफसा उरला तर स्वतःचे. हाक आली की फुकट राबायचे, ही वेठ. लग्नासाठी चार पैसे उचलले की नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी बांधले जात. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेबाची वही सावकाराकडे. हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. खेरांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळातच सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने आदिवासी भागाची पाहणी केली आणि १९३९ मध्ये अहवाल छापून झाला. खेरांना कळकळ होती, हे नाकारणे अन्यायाचे होईल. आदिवासी सेवा मंडळ त्याच कळकळीतून उभे राहिले. आचार्य भिसे यांनी आपले आयुष्य या भागातल्या शिक्षणासाठी वेचले. मात्र त्या वाटेवर शाळा आधी होती, सुधारणा आधी होती. वेठ क्रमाक्रमाने जाईल, असा भरवसा होता.

वारली क्रमाची वाट पाहत बसले नाहीत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला इथली मोजकी माणसे गेली. २३ मे रोजी झरीला हजारोंची परिषद भरली आणि वेठ बंद, लग्नगडी मोकळे, असा निर्णय झाला. पाड्यापाड्यांतून लोकांनीच तो अंमलात आणला. पावसाळा सरताच गवतकापणीचा संप आला. जमीनदाराला गवत तेव्हाच कापून हवे असते, म्हणून संपाची वेळ नेमकी साधली गेली. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. गोळीबार झाला तो या मजुरीच्या झगड्यात. मालकांना संताप आला तो दराचा.

१९४५ चा गोळीबार गव्हर्नरी राजवटीतला होता. पण १९४६ च्या अखेरीस परुळेकर दांपत्यावर हद्दपारीचे हुकूम निघाले, तेव्हा मुख्य प्रधान खेर होते आणि गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीत पुन्हा गोळ्या चालल्या. वेठ वाईट, हे या सरकारला मान्य होते. तरीही वेठ मोडणाऱ्यांपेक्षा शांतता-सुव्यवस्था आधी आली. इतिहास खेरांना खलनायक ठरवणार नाही. पण त्यांचा क्रम चुकला, हे नोंदवल्याशिवाय पुढेही जाणार नाही.

हाच क्रम आज पुन्हा तपासायला हवा. दिवाळी सरली की डहाणू तालुक्यातल्या आशागडसारख्या गावांतून आणि आसपासच्या पाड्यांतून कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात. कितीतरी जण मुकादमाकडून आधीच अंगावर पैसे घेतात. कोणाच्या घरात लग्न असते, कोणाच्या घरात आजारपण. हंगामाअखेर हिशेब होतो, तोही देणाऱ्याच्याच वहीत. प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे. पण फिटेपर्यंत मालक सोडता येत नसेल, तर १९७६ च्या कायद्याने ती वेठच आहे आणि ते कर्ज कायद्यानेच बुडालेले आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला १९८२ नंतरही वेठबिगार सोडवत फिरावे लागले. वटहुकूम निघाला म्हणजे वेठ गेली असे नव्हे, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

या कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. डहाणू उपविभागाची समिती हंगाम सुरू होण्यापूर्वी बसली पाहिजे. उचलीची नोंद मजुराच्या हातातल्या वहीतही झाली पाहिजे. किमान वेतनाचा दर भट्टीवर मराठीत लावला पाहिजे. तलवाड्याच्या हुतात्म्यांना फुले वाहणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या नेत्याला मतदारांनी एवढेच विचारावे: वेठीला तुमचा विरोध आहे, हे ठाऊक आहे, पण ठेकेदार, भट्टीमालक आणि निवडणुकीचा खर्च यांच्या रांगेत तो कितव्या क्रमांकावर आहे?