फडावर गेलं तरी नवव्या महिन्याची सुई चुकवू नका

दीड महिन्याची सुई होते, साडेतीन महिन्यांचीही होते. नवव्या महिन्याची मात्र राहते. दसरा-दिवाळीनंतर चुडाव्याकडची, गंगाखेडकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात, लेकरूही जाते आणि कार्ड घरी पेटीतच राहते. मी न्यूमोनियाच्या पीसीव्ही लसीबद्दल बोलतो आहे. महाराष्ट्रात 2021 पासून ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते.

"दोन झाल्या की, आता तिसरी कशाला?" असे विचारणाऱ्यांसाठी थोडे खोलात सांगतो. न्यूमोकोकस नावाच्या या जंतूच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचे कवच असते. (चहातली साखर नव्हे.) त्या कवचामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो सहज पकडता येत नाही. कवचाची घडण कशी असावी, हे जंतूच्या जनुकांचा एक पट्टा ठरवतो. त्यात बदल होत होत कवचाचे शंभराहून अधिक प्रकार झाले. 6ए आणि 6बी या दोन प्रकारांत तर एका जनुकातल्या एकाच अक्षराचा फरक. शिवाय हे जंतू एकमेकांची जनुके उचलतात. लंडनच्या ग्रिफिथ यांनी 1928 मध्ये उंदरांवर दाखवले, की कवच नसलेल्या जिवंत जंतूंना मेलेल्या जंतूंकडून कवच मिळते.

दोन वर्षांखालच्या बाळाचे शरीर नुसती साखर नीट ओळखत नाही. म्हणून लसीत ती एका प्रथिनाला जोडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 2020 मध्ये आलेली न्यूमोसिल अशीच, दहा प्रकारांवरची. पहिल्या दोन सुया ओळख करून देतात, तिसरी ती पक्की करते. मग तीच कशी सोडायची?

पण सगळा दोष आईबापावर टाकणे मला पटत नाही. एक दिवस फडावरून उठले की मजुरी बुडते. कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राने कोप्यांपाशी येऊन लस द्यावी. "तुमच्या गावी जा" हे उत्तर ऐकून घेऊ नका. ही लस कोणत्याही सरकारी केंद्रावर मागता येते. कार्ड सोबत ठेवा. उशीर झाला असला तरी सिस्टरांना दाखवा.

आणि लस झालेली असली तरी लेकराचा श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, त्याने दूध सोडले, तर तडक दवाखाना गाठा. शंभरातले दहाच प्रकार त्या सुईत आहेत.