कोयता अवजार आहे, गुन्हा नाही

पावसाळा लागला की गडांवर ट्रेकवाल्यांची गर्दी होते आणि तोच प्रश्न येतो: सॅकमध्ये चाकू ठेवला तर पोलीस धरतील का? त्यांचा प्रश्न फळं कापायच्या चाकूचा, आपला कोयत्या-विळ्याचा. कायदा दोघांना एकच.

शस्त्र कायदा १९५९ चा. फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू 'शस्त्र' नाही, हे त्याच्या व्याख्येतच लिहिलंय. नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं माप आहे, पण तिथंही शेतीची अवजारं वगळलीत. म्हणजे ऊसतोडीचा कोयता मापाबाहेर गेला तरी कायद्याबाहेर जात नाही.

मग घोडं अडतं कुठं? महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, कलम ३७ मध्ये. सण, निवडणूक, मोर्चा आला की शस्त्रबंदीचा आदेश निघतो. त्यात चाकूच काय, काठीसुद्धा येते. मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद. आता बैलामागं जाणाऱ्यानं काठी घरी ठेवायची काय? आदेश जाहीर प्रसिद्ध करायचा, असं कलमच सांगतं. चावडीवर लावलेला तुमच्यापैकी किती जणांनी वाचलाय?

ट्रेकवाल्यांनो, तुम्हीही ऐका. हरिश्चंद्रगड, वासोटा हे अभयारण्यात येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ३१ प्रमाणे तिथं लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत चाकूचं नाव स्पष्ट आहे. 'सफरचंद कापायला आणलाय' हे उत्तर तिथं पुरणार नाही. सफरचंद घरूनच कापून न्या.

आणि कोयत्यानं केक कापून रील टाकणारे भाऊ! तुमच्या हौसेपायी ऊसतोडीला निघालेल्या माऊलीच्या हातातल्या कोयत्याकडं संशयानं बघितलं जातं. तिचं पोट त्या पात्यावर आहे, तुमचं नाही.

पोलिसांना धाक हवा, मान्य. पण आदेशात एक ओळ घाला: 'शेतीकामासाठी नेली जाणारी अवजारं व काठी वगळून.' पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि तहसीलदारांना, पोलीस ठाण्याला प्रत द्या. तोवर कोयता गोणपाटात गुंडाळून न्या, उगाच मिरवू नका.